खंडेनवमीचं पिस्तूल

समोरच्या हँकचा पानं उडवायचा ब्लोअर चोरीला गेला, तिथून हे सगळं सुरू झालं. ब्लोअर म्हणजे काही सोन्याची लंका नव्हे. पण तो गेला भर दुपारी, बंद गॅरेजमधून, आणि हँकचं घर राजीव खांबेट्यांच्या घराच्या अगदी समोर. त्यामुळे चोरी झाली हँककडे आणि धसका बसला खांबेट्यांकडे. हँकने दुसऱ्या दिवशी नवा ब्लोअर आणला, पहिल्यापेक्षा मोठा, आणि विषय संपवला. वस्तूंशी इतकं सुटसुटीत नातं ठेवणाऱ्या लोकांचा राजीवरावांना नेहमीच हेवा वाटत आला आहे.

त्यांच्या पत्नी कांचनताईंनी मात्र मिशिगनमधल्या नोव्हायला लेकीला फोन लावला. सावनी तिथे मोटारींच्या कंपनीत इंजिनिअर. "आई, जस्ट सेल द हाउस. आमच्या इथे नवीन टाउनहाउसेस होतायत. वॉकिंग डिस्टन्स!" हे ती कितीतरी महिने सांगत होती आणि कांचनताई "बघू" म्हणत होत्या. या वेळी त्या म्हणाल्या, "फोटो पाठव."

राजीवराव सोफ्यावर होते. जानेवारीत निवृत्त झाल्यापासून ते बहुतेक सोफ्यावरच असत, आणि जगात काय चाललंय याच्याशी त्यांनी फारसा संबंध ठेवला नव्हता. पण आता सोफाच मिशिगनला निघाला म्हटल्यावर ते उठले. टेक्ससमधल्या अर्विंगचं हे घर त्यांनी स्वतः उभं राहून बांधून घेतलं होतं. कुठल्या भिंतीत कुठली वायर आहे हे त्यांना तोंडपाठ होतं. परसातला कढीपत्ता आता कुंपणाच्या वर गेला होता, आणि तो मिशिगनच्या बर्फात एक आठवडा काढणार नाही हे सांगायला वनस्पतिशास्त्रज्ञ लागत नव्हता.

"चोराचीच भीती ना?" ते म्हणाले. "मग मी आहे ना घरात!"

कांचनताईंनी त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि काहीच बोलल्या नाहीत. चाळीस वर्षांच्या संसारात त्या राजीवरावांना पुष्कळ बोलल्या होत्या, पण इतकं लागलेलं काही त्यांना आठवेना.

शेवटी तह झाला. कांचनताई म्हणाल्या, "दसऱ्यापर्यंत बघू. तोवर माझ्या जिवाला स्वस्थता वाटली तर इथेच राहू. नाहीतर दसऱ्याला मी सावनीला हो म्हणणार. मुहूर्तही चांगला आहे."

टेक्ससमध्ये घराची राखण कशी करावी याबद्दल सल्ला हवा असेल तर दार उघडून उभं राहिलं तरी पुरे. हँकचं म्हणणं, पिस्तूल घ्या. दोन गल्ल्या पलीकडे राहणारा शिव वैरागडे, मूळचा नागपूरचा, आयटीतला. तो म्हणाला, "काका, घ्याच यार! पण नुसतं घेऊन काय कराल? क्लास करा, मग मॅच खेळा. इथे मॅचेस असतात, घरात चोर शिरलाय असं समजून पुठ्ठ्याच्या चोरांवर गोळ्या झाडायच्या. भारी असतं." महाराष्ट्र मंडळातल्या सर्व धार्मिक बाबींच्या अंतिम अधिकारी सुचित्रामावशी गोगटे म्हणाल्या, "कुत्रा पाळ." पण कुत्र्याचे केस आणि कांचनताईंचा सोवळ्याओवळ्याचा स्वयंपाक यांचा मेळ बसेना, म्हणून पिस्तूल ठरलं.

राजीवरावांनी आयुष्यात हाताळलेलं सगळ्यात भीषण शस्त्र म्हणजे फणस चिरायची विळी. दुकानात काचेखाली मांडलेली पिस्तुलं पाहून त्यांना आधी भीती वाटली, मग हळूहळू कुतूहल वाटू लागलं. याची स्प्रिंग कुठे असते? गोळी बाहेर पडताना गोल का फिरते? काडतुसाची रिकामी पुंगळी उजवीकडेच का उडते, आणि डावखुऱ्या माणसाने मग काय करावं? विक्रेत्याने पहिल्या काही प्रश्नांची उत्तरं दिली, नंतर त्याने आतल्या माणसाला बोलावलं, आणि आतल्या माणसाने मालकाला.

फॉर्म भरताना मधलं नाव विचारलं गेलं. "पुरुषोत्तम," राजीवराव म्हणाले, आणि नको तितके प्रामाणिक असल्यामुळे पुढे म्हणाले, "पण ते माझं नाव नाही, वडिलांचं आहे." विक्रेत्याने पेन खाली ठेवलं. मग पिस्तूल नक्की कोणाला हवंय, असं त्याने विचारलं. वडील वारले आहेत, त्यांना पिस्तूल नकोय, आणि असते तरी ते पोस्टात होते, त्यांना मुंगी मारवत नव्हती, हे सगळं समजावण्यात बराच वेळ गेला. त्यानंतर सरकारी तपासणीचं उत्तर आलं की थोडा विलंब होईल, काही दिवस थांबा.

हा विलंब राजीवरावांच्या फार मनाला लागला. इतकी वर्षं कर वेळच्या वेळी भरणाऱ्या, पिवळ्या दिव्यालाही थांबणाऱ्या माणसाची तपासणी करायची म्हणजे काय! शिवने समजूत घातली. "काका, डिले म्हणजे नाही म्हटलं असं नसतं यार. तुमच्याच नावाचा दुसरा कोणी असेल, त्याचं काही रेकॉर्ड असेल." झालं, राजीवरावांना नवाच विषय मिळाला. या अमेरिकेत कुठेतरी दुसरा एक राजीव पुरुषोत्तम खांबेटे आहे आणि त्याच्या नावावर गुन्हे आहेत! तो कुठला असेल? आपल्यापैकी असेल का? काय केलं असेल? परवानगी आली तोपर्यंत त्यांच्या मनात त्या खांबेट्याबद्दल थोडा आदरही निर्माण झाला होता.

"घरात ती वस्तू येणार असेल तर कुलपात राहील," ही कांचनताईंची अट. म्हणून तिजोरी आली. खरं तर एका पिस्तुलाला चपलांच्या खोक्याएवढी तिजोरी पुरते. पण दुकानात सेल होता, आणि डझनभर बंदुका मावतील अशी माणसापेक्षा उंच तिजोरी सेलमध्ये छोटीपेक्षा फायद्याची पडत होती. फायदा दिसला की मध्यमवर्गीय माणूस गरज विचारत नाही. 'घरपोच' म्हणजे रस्त्याच्या कडेपर्यंत, हे बारीक अक्षरात लिहिलं होतं. ट्रकवाल्याने ती तिजोरी ड्राइव्हवेच्या टोकाला उभी केली, सही घेतली आणि तो निघून गेला.

तिजोरी तिथे उभी राहिली. चोराच्या भीतीने आणलेली वस्तू आता रस्त्यावर, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी. लगेच वस्तीच्या एचओएची, म्हणजे घरमालकांच्या संघटनेची, नोटीस आली की दर्शनी भागात अवजड वस्तू ठेवणं नियमाविरुद्ध आहे. राजीवरावांनी उत्तर पाठवलं की ती ठेवलेली नसून पोहोचलेली नाही. त्यावर दुसरी नोटीस आली. शेवटी शिव महाराष्ट्र मंडळाचं ढोल-ताशा पथक घेऊन आला. हँक दोरखंड आणि प्लास्टिकचे पाइप घेऊन आला. कोपऱ्यावरच्या घरातला, ज्याच्याशी खांबेटे आजवर हात हलवण्यापलीकडे कधी बोलले नव्हते, तो गृहस्थ कुत्रं फिरवता फिरवता थांबला आणि खांदा लावायला आला. "मोरया!"च्या गजरात तिजोरी दारातून आत आली. पुढे मात्र झोपायच्या खोलीच्या दारात दोन बोटं जागा कमी पडली. म्हणून ती जेवणघरातच राहिली, देवघराला लागून. पुढे होऊन ढकलणाऱ्या सगळ्यांना कांचनताईंनी पोहे आणि चहा दिला, आणि कोपऱ्यावरच्या गृहस्थाने दुसऱ्यांदा पोहे मागून घेतले.

एवढी मोठी तिजोरी रिकामी ठेवणं कांचनताईंच्या स्वभावात नव्हतं. त्यात दागिने गेले, पासपोर्ट गेले, चांदीची ताम्हनं, ठेवणीतल्या साड्या, भारतातून आणलेलं केशर. पिस्तूल सगळ्यात मागे. कुलपाचा आकडाही कांचनताईंनीच ठरवला, कारण राजीवरावांच्या लक्षात राहत नसे. म्हणजे चोर आलाच तर आधी कांचनताईंना उठवायचं, मग आकडा विचारायचा, साड्या बाहेर काढायच्या, ताम्हनं काढायची. एवढा वेळ चोराला चहा देऊन बसवावा लागला असता. ही अडचण राजीवरावांनी बोलून दाखवली तेव्हा कांचनताई म्हणाल्या, "मग बसवा."

क्लास घेणारे डॉ. क्लेटन पेशाने दंतवैद्य होते. आठवडाभर लोकांच्या दाढा काढायच्या आणि शनिवारी लोकांना नेमबाजी शिकवायची असा त्यांचा क्रम. 'मुळीच दुखणार नाही' असं सांगायची सवय असलेला त्यांचा मऊ आवाज होता. त्यांनी चार नियम सांगितले. प्रत्येक शस्त्र भरलेलंच आहे असं समजा. जे नष्ट करायचं नाही त्याच्या दिशेने नळी कधीही वळवू नका. निर्णय होईपर्यंत बोट चापावर ठेवू नका. आणि समोर कोण आहे, त्याच्या मागे काय आहे, हे जाणून घेतल्याशिवाय काहीही करू नका.

बाकीच्यांनी माना डोलावल्या. राजीवरावांनी हात वर केला.

"समोर कोण आहे ते कळणार कसं? आमच्या गॅरेजचा कोड शिवकडे आहे, सुचित्रामावशींकडे आहे, साफसफाईवाल्या बाईंकडे आहे. लेक न सांगता येते."

"मग विचारायचं," क्लेटन म्हणाले.

"काय विचारायचं?"

"कोण आहे म्हणून. मोठ्याने. ओरडूनच."

"आणि त्याने खोटं सांगितलं तर?"

क्लेटननी चष्मा काढून पुसला. इतक्या वर्षांत त्यांना हे कोणी विचारलं नसावं. त्या दिवशी क्लास उशिरा सुटला, आणि त्यानंतर दर शनिवारी उशिराच सुटू लागला. राजीवरावांना एकेक गोष्ट म्हणजे नवलच वाटत होती. नेम धरताना समोरचं लक्ष्य पुसट दिसलं पाहिजे आणि आपल्या हातातल्या पिस्तुलाचं टोक स्पष्ट. चाप ओढायचा नाही, हळूहळू दाबत जायचा, आणि गोळी सुटली की आपल्यालाच आश्चर्य वाटलं पाहिजे. आपणच केलेल्या कामाचं आपल्याला आश्चर्य वाटतं हा प्रकार त्यांनी आजवर फक्त सॉफ्टवेअरवाल्यांत पाहिला होता. हे सगळं ते हँकला सांगत, शिवला सांगत, किराणा दुकानात पुढे उभ्या असलेल्या अनोळखी माणसालाही सांगत. घरात टीव्हीचा रिमोट धरतानाही त्यांचं बोट बटणापासून लांब, सरळ असे. केस वाळवायचं यंत्र कांचनताईंनी त्यांच्याकडे वळवलं तर ते चटकन खाली वाकत.

ओरडायचा सराव मात्र घरीच करावा लागला, कारण क्लेटननी सौम्यपणाबद्दल त्यांचे गुण कापले होते. राजीवरावांनी गॅरेजचं दार अर्धं उघडं ठेवलं आणि रिकाम्या हाताने, छातीतून, "थांब! हलू नकोस! हात वर!" असं इंग्रजीत गर्जून पाहिलं. गर्जना उत्तम झाली. बाहेर पार्सल घेऊन आलेल्या बाईंनी पार्सल खाली टाकलं आणि दोन्ही हात वर केले. राजीवरावांना इतकी शरम आयुष्यात कधी वाटली नव्हती. ते माफी मागत बाहेर धावले, तशा त्या आणखी मागे सरकल्या. मग कांचनताई पाणी आणि बेसनाचे लाडू घेऊन आल्या, बाईंचं नाव विचारलं, मुलाबाळांचं विचारलं. त्यानंतर त्या बाई पार्सल ठेवताना लांबूनच, "मिस्टर के, मी आहे हं!" असं ओरडू लागल्या. एचओएची तिसरी नोटीस आवाजाबद्दल होती.

मॅच नेमकी दसऱ्याच्या दिवशी होती. शनिवार, आणि वर सीमोल्लंघन! राजीवरावांच्या दृष्टीने ही परीक्षाच होती. नियम मोडला तर तिथल्या तिथे बाद करतात, हे त्यांना ठाऊक होतं, आणि बाद झालो तर घर गेलं असा हिशेब त्यांनी मनाशी मांडला होता. कांचनताई विचारलं तरी नुसतं "बघू" म्हणत. सावनीचे फोटो मात्र येतच होते.

आदल्या दिवशी खंडेनवमी. सुचित्रामावशी सकाळीच दाखल झाल्या.

"राजीव, इतकी वर्षं तू शस्त्र म्हणून लॅपटॉपला हळदकुंकू वाहत होतास. या वर्षी घरात खरं शस्त्र आहे. पूजा झाल्याशिवाय ते चालवायला न्यायचं नाही."

राजीवरावांची ना नव्हती. पण नियम म्हणजे नियम. पिस्तूल रिकामं आहे हे सगळ्यांना दिसावं म्हणून त्यांनी वरचा सरकता भाग मागे ओढून तसाच उघडा अडकवून ठेवला. आता प्रश्न आला नळीच्या दिशेचा. पाटावर पिस्तूल ठेवायचं तर नळी कुठे करायची? समोर केली तर देवांकडे. उलटी केली तर आपल्याकडे. डावीकडे शेजारचं घर. उजवीकडे मावशी.

"मी जरा सरकून बसते," मावशी म्हणाल्या.

"तुम्ही सरकाल हो, पण मागे तिजोरी आहे. नियम चार, मागे काय आहे ते पाहायचं. गोळी आपटून परत आली तर?"

"पण गोळी नाहीच आहे ना त्यात?" कांचनताई म्हणाल्या.

"नियम एक!" राजीवराव म्हणाले.

यावर बराच खल झाला. रेंजवर सुरक्षिततेसाठी वाळू भरलेली बादली असते, तिच्यात नळी रोखतात, हे राजीवरावांनी पाहिलं होतं. घरात वाळू नव्हती. पण पितळी कलश होता आणि तांदूळ होते. कलशात काठोकाठ तांदूळ भरून त्यात पिस्तूल नळी खाली करून खोचलं. शास्त्र आणि सुरक्षा दोन्ही साधल्याचं समाधान राजीवरावांच्या चेहऱ्यावर पसरलं. मावशींनी सढळ हाताने हळद वाहिली, कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, झेंडू ठेवला आणि वर फुलाने पाणी शिंपडलं. पूजा संपल्यावर राजीवरावांनी सवयीने फडकं आणि तेलाची बाटली काढली.

"हं! हात लावू नकोस," मावशी ओरडल्या. "पुजलेलं हत्यार आज चालवत नाहीत, पुसतही नाहीत. आज त्याला विश्रांती असते."

तेव्हा पूजा झालेलं पिस्तूल होतं तसं पेटीत गेलं आणि पेटी तिजोरीत. दुसऱ्या दिवशी पहाटे निघायच्या गडबडीत फडकं आणि तेलाची बाटली पाटाशेजारीच राहिली.

रेंज शहराबाहेर, मोकळ्या माळावर. ऑक्टोबर असूनही ऊन असं की टोपीच्या आतून घाम गळत होता. पत्रे आणि पिंपं उभी करून 'घर' तयार केलं होतं. त्यात पुठ्ठ्याची माणसं. ज्यांच्या हातात शस्त्र रंगवलंय ते चोर, ज्यांचे पंजे उघडे आहेत ती घरची माणसं, आणि घरच्यांना गोळी लागली की गुण जातात. कांचनताई घडीच्या खुर्चीत बसल्या, गजऱ्यावरून कानाचे आवाजरोधक लावून, मांडीवर श्रीखंड-पुरीचा डबा. शिव मंडळाच्या ग्रुपसाठी व्हिडिओ घेत होता. हँकही आला होता, कारण हँकला शनिवारी दुसरं काम नव्हतं.

टेबलापाशी पिस्तूल पट्ट्याच्या म्यानात सरकवताना कचकच असा आवाज झाला. राजीवरावांना तो आपल्या दातांचा वाटला, इतके ते घाबरले होते. त्यांचं नाव पुकारलं गेलं. मैदानावर सुरक्षा अधिकारी म्हणून स्वतः क्लेटन होते.

"भरा आणि तयार व्हा."

राजीवरावांनी पिस्तूल बाहेर काढलं, गोळ्यांची पेटी आत बसवली आणि वरचा भाग मागे ओढून सोडला. तो अर्ध्यातच अडकला. पुन्हा ओढायला गेले, तर पंजाभर लाल. बोटांमधून लाल ओघळ मनगटाकडे निघाला.

"थांबा! सगळे थांबा!" क्लेटनचा मऊ आवाज कधी नव्हे तो फाटला. त्यांनी पिस्तूल काढून घेतलं. आसपासच्या मैदानांवरचाही गोळीबार थांबला. प्रथमोपचाराची लाल पेटी घेऊन दोन धिप्पाड माणसं धावत आली. एकाने राजीवरावांना खाली आडवं केलं, दुसऱ्याने कात्रीने त्यांच्या नव्याकोऱ्या शर्टाची बाही खांद्यापर्यंत कापली. "कुठे लागलंय? सर, माझ्याकडे बघा! आज वार कोणता?"

"दसरा," राजीवराव म्हणाले.

त्या माणसाने साथीदाराकडे चिंतेने पाहिलं आणि दंडावर पट्टा करकचून आवळला.

तेवढ्यात कांचनताई डब्यासकट पोहोचल्या. "अहो, सोडा त्यांना! कुंकू आहे ते, कुंकू! ब्लड नाही! पूजा! वुई डिड पूजा!" त्यांनी राजीवरावांचा हात उचलून पदराने पुसला. खाली हात धडधाकट निघाला. जमलेल्या लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला, पण राजीवरावांना मात्र लागलं असतं तर बरं, असं वाटून गेलं. एका बाहीने, मातीत, साऱ्या टेक्ससदेखत आडवं होऊन आपण ठणठणीत आहोत हे सिद्ध करावं लागणं हा प्रकार कुठल्याच प्रतिष्ठेला झेपण्यासारखा नाही.

क्लेटननी पिस्तूल टेबलावर मोकळं केलं. आतून तांदूळ सांडले. झेंडूची पाकळी निघाली. त्यांनी नळी उजेडाकडे धरून पाहिली, तडक गाडीकडे गेले आणि दंतवैद्याचा छोटा आरसा आणि आकडी घेऊन आले. एकेक दाणा टोकरून काढताना ते पुटपुटले, "अन्नाचे कण बरेच अडकलेत." मग मान वर केली. "तुम्ही याची प्रार्थना करता?"

"याची नाही," राजीवराव म्हणाले. "जे जे हत्यार वापरतो त्याची. वर्षातून एकदा. त्या दिवशी ते वापरायचं नाही, पुसायचंही नाही."

"म्हणजे वर्षात एक दिवस कोणीच हत्यार चालवत नाही?"

"कोणीच नाही. सुतार करवत चालवत नाही, शिंपी कात्री चालवत नाही."

भोवती जमलेले टोपीवाले गंभीर झाले. कोणी विचारलं, ट्रॅक्टरलाही चालतं का? हँकने विचारलं, ब्लोअरला? कांचनताईंनी सगळ्यांना सावकाश समजावलं आणि समजावता समजावता श्रीखंडही वाढलं. सुरक्षा नियमात पूजेबद्दल काही नसल्यामुळे बाद करायचा प्रश्न येत नाही, असा निर्णय क्लेटननी दिला. पिस्तूल धुऊनपुसून, नळी तीनदा तपासून त्यांनी परत दिलं आणि पुन्हा आज्ञा झाली.

शिट्टी वाजली. राजीवराव पहिल्या दाराशी गेले, आडोशाला उभे राहिले आणि छातीतून गर्जले, "अहो! कोण आहे?"

पुठ्ठ्याने उत्तर दिलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. मग डोकावून त्याच्या हातात काय आहे ते नीट पाहिलं, मागे काय आहे ते पाहिलं, आणि तेव्हा कुठे गोळी झाडली. ती चोराच्या कानाला लागली. बाकीच्या काही गोळ्या मागच्या मातीच्या ढिगात गेल्या. तिसऱ्या खोलीत चोर घरच्या बाईच्या मागे अर्धा लपला होता. राजीवरावांनी या कोनातून पाहिलं, त्या कोनातून पाहिलं, पिस्तूल खाली केलं आणि म्हणाले, "नाही. इथे मी झाडणार नाही." बाकीचे स्पर्धक चुटकीसरशी बाहेर येत होते, राजीवराव आत गेले ते गेलेच. शिवच्या फोनची बॅटरी संपली. ते बाहेर आले तेव्हा पुढच्या माणसाने टोपी काढून वारा घ्यायला सुरुवात केली होती.

निकाल लागला. राजीवराव शेवटचे आले. त्यांच्या वरचा स्पर्धक आणि ते यांच्यात फार मोठं अंतर होतं. घरच्या एकाही माणसाला गोळी लागली नव्हती, पण चोरही जवळजवळ सगळे सुखरूप होते. क्लेटननी हात मिळवला आणि म्हणाले, "पुढच्या क्लासला याल ना? नवी माणसं येतायत. ती प्रश्न विचारत नाहीत, तुम्ही असलात की त्यांनाही विचारावेसे वाटतील." राजीवरावांना ते नीटसं ऐकूही आलं नाही.

परतीच्या वाटेवर गाडी कांचनताई चालवत होत्या, कारण राजीवरावांचा दंड अजून बधिर होता. माळ संपून घरं सुरू झाली. तेव्हा राजीवराव म्हणाले, "लाव फोन सावनीला. मी शब्दाचा पक्का आहे. शेवटचा आलो."

कांचनताईंनी गाडीतूनच फोन लावला. सावनी वाटच पाहत होती. "सो? रिअल्टरला काय सांगू? दे नीड अ डिसिजन, आई."

"नको सांगूस. आम्ही येत नाही."

"व्हॉट? व्हाय?"

"अगं, कसे येणार? बाबांना वेळ नाही."

"बाबांना? वेळ नाही? आर यू सीरियस?"

"शनिवारी क्लास आहे. हँकने ब्लोअरच्या पूजेला बोलावलंय. कोपऱ्यावरच्या घरी पोह्यांची कृती द्यायची आहे. एचओएला तिसरं उत्तर लिहायचं बाकी आहे. ठेवते, ट्रॅफिक आहे." आणि त्यांनी फोन ठेवला. मग म्हणाल्या, "ती वस्तू तिजोरीतच राहील. आकडा मी बदललाय."

राजीवरावांनी मान वळवली. "पण कांचन, मी शेवटचा आलो. चोर आला तर मी काय करणार हे तू आज डोळ्यांनी पाहिलंस. तुला भीती नाही वाटली?"

"चोराची भीती मला कधीच नव्हती हो," कांचनताई म्हणाल्या. "जानेवारीपासून तुम्ही कुणालाही एक प्रश्न विचारला नव्हता. बातम्यांत काय म्हणाले, भाजी कुठली, काहीच नाही. मला वाटलं, इथे राहिलो तर हा माणूस असाच बसून जाईल. म्हणून सावनीकडे न्यायचं होतं तुम्हाला. आज त्या मातीत आडवे पडून तुम्ही त्या कात्रीवाल्याला काय विचारलंत आठवतंय?"

"काय?"

"हा पट्टा किती आवळला की रक्त थांबतं, असं विचारलंत."

राजीवरावांना आठवलं. त्याचं उत्तर मिळालं नव्हतं, हेही आठवलं. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. सिग्नल लाल झाला, गाडी थांबली, पुन्हा सुटली. कांचनताईंनी त्यांच्या बधिर दंडावरून हात फिरवला.

मग ते कांचनताईंकडे वळले.

"कांचन," ते म्हणाले, "हे तुझ्या नक्की कधी लक्षात आलं? आणि इतके दिवस मला कळू कसं दिलं नाहीस?"

कांचनताई हसल्या, आणि घर येईपर्यंत त्यांच्या प्रश्नांना उत्तरं देत राहिल्या.